जोसेफच्या डोक्यावरचं पाणी

माझं शुद्धलेखन चांगलं नाही आणि अक्षर त्याहून वाईट, ते आधीच सांगते. चौथीपर्यंत शिकले, तेही अनाथालयात, फुटक्या पाटीवर. ऱ्हस्व-दीर्घ मला अजून कळत नाही. वाचणाऱ्याने — वाचणारं कोणी असलंच तर — सांभाळून घ्यावं. जे लिहायला बसले आहे ते मी आजवर कुणाला बोलले नाही. तेरेजाला नाही, सिस्टरला नाही. जिथे सांगायचंच असतं त्या पापस्वीकाराच्या जाळीपुढेही नाही. दर महिन्याला तिथे गुडघे टेकते, रागावले म्हणते, सकाळची प्रार्थना चुकली म्हणते, आणि हे एक तसंच पोटात ठेवून उठते. मग रविवारी जीभ पुढे करून प्रसादही घेते. पाच वर्षं झाली. पाप लपवून प्रसाद घेणं याला काय म्हणतात ते धर्मशिक्षणाच्या पुस्तकात लिहिलेलं आहे, ते मला पाठ आहे.

मी पुलगावपासून चार कोसांवरच्या मिशनच्या दवाखान्यात आया आहे. भांडी उकळते, फरशी पुसते, बाळंतिणीचे कपडे धुते. नवरा लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तापाने गेला, तेव्हा सिस्टरने मला ठेवून घेतलं. मी बोलत नाही फारशी. चार माणसं समोर असली की माझा आवाज गळ्यातच राहतो. लहानपणापासून तसंच आहे. हे कारण म्हणून सांगत नाही — पण हे ठाऊक नसलं तर पुढचं समजायचं नाही.

तेरेजा माझी कोण? नात्याची कुणीच नाही. नागपूरच्या अनाथालयात आमच्या खाटा शेजारी होत्या. तिची वेणी मी घालायची, माझी ती. भांडण झालं की ती माझ्या खाटेवर उशी फेकायची, मी काही फेकायची नाही. तिचं लग्न अंतोनशी झालं. अंतोन पुलगावच्या कापडाच्या गिरणीत होता, घर मात्र आमच्या मिशनच्याच गावात. देवाने दोघींना एका गावात टाकलं म्हणून आम्ही किती हसलो होतो.

आता थोडं शिकवणीचं सांगते, कारण सगळं त्यावरच उभं आहे.

म्हातारे फादर सांगायचे की देवाने आदामाला मातीतून घडवलं आणि त्याच्या नाकात श्वास फुंकला. एकदा गावच्या शाळेचे मास्तर मुद्दाम विचारायला आले होते, फादर, पुस्तकात तर माणूस माकडापासून झाला लिहिलं आहे. फादर चिडले नाहीत. म्हणाले, मास्तर, शरीर कोणत्या वाटेने आलं यावर शिकलेली माणसं वाद घालोत, पण आत्मा कुठल्या वाटेने येत नाही. तो आईचा नसतो, बापाचा नसतो. प्रत्येक लेकरासाठी देव तो नवा करतो, स्वतः, त्याच क्षणी. मास्तर हसून गेले. मी फरशी पुसत होते, माझा हात थांबला. प्रत्येकासाठी नवा? माझ्यासाठीसुद्धा? मला तर आई कोण तेही ठाऊक नव्हतं.

पण मग आदामाचं पाप. ते प्रत्येक लेकराबरोबर येतं आणि बाप्तिस्म्याच्या पाण्याने जातं. पाणी पडायच्या आधीच लेकरू गेलं तर? सिस्टर म्हणायच्या, नरकात नाही. आग नाही, मार नाही, भूक नाही. लिंबो नावाची जागा आहे, तिथे ती लेकरं सुखात असतात, फक्त देवाचं तोंड त्यांना दिसत नाही. कधीच दिसत नाही.

बाकीच्या बायांना हे ऐकून काय वाटायचं ठाऊक नाही. मला आणि तेरेजाला ती जागा ओळखीची होती. अनाथालयात रविवारी भेटायला माणसं यायची. कुणाची आत्या, कुणाचा मामा. ज्यांचं कोणी असेल त्यांना आत बोलवायचे, आतून हसण्याचा आवाज यायचा. ज्यांचं कोणी नसेल त्यांनी अंगणात चिंचेखाली बसायचं. आम्हाला कुणी मारत नव्हतं. फुटाणे मिळायचे. चिंचा मिळायच्या. फक्त आपलं नाव घ्यायला कुणी यायचं नाही. मी आणि तेरेजा सगळे रविवार त्या अंगणात बसलो.

महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सिस्टर बायांना दवाखान्याच्या ओसरीवर बसवून शिकवायच्या की बाळ दगावतं आहे असं दिसलं तर पाणी कसं घालायचं. फादर वेळेवर पोचतीलच असं नसतं, बाळंतपणं घरोघरी होतात. पाणी केसांवर नाही, कातडीवर वाहिलं पाहिजे. जी पाणी घालेल तिनेच शब्द म्हणायचे, दुसरीने नाही. मोठ्याने म्हणायचे. एक शब्द गाळायचा नाही. बाळाचं नाव, मग, मी तुला पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते. जीव आहे की गेला याची शंका असेल तर आधी म्हणायचं, तू जिवंत असशील तर. बाळाच्या डोक्याच्या जागी सिस्टरने दुधी भोपळा ठेवला होता.

माझी पाळी आली. मी तांब्या उचलला, पाणी ओतलं, आणि मी तुला पित्याच्या, एवढं म्हणून थांबले. पुढचं सगळं गेलं. पाणी भोपळ्यावरून खाली वाहून संपलं तरी मी तशीच उभी. दारात कंपाउंडर होता, तो म्हणाला, "रोझाबाईनं भोपळ्याले अर्धाच किरिस्ताव केला. आता याची भाजी खायची का नाई, फादरले विचारा लागते." सगळ्या बाया हसल्या. तेरेजा तर पदर तोंडात धरून हसली. सिस्टरही हसल्या. हसू वाईट नव्हतं ते. त्यानंतर मी एकटी असताना सगळे शब्द बरोबर म्हणायची. कुणी आलं की जात. पण सिस्टरने मला पुन्हा उभं केलं नाही, आणि मी सुटले म्हणून आनंद मानला.

तो दिवस जानेवारीतला. कापसाच्या गाड्या पुलगावला जात होत्या. तेरेजाला सातवा महिना चालू होता आणि सकाळीच कळा सुरू झाल्या. अंतोनने तिला एका परतणाऱ्या रिकाम्या गाडीत घालून आणलं. गाडीतला उरलासुरला कापूस तिच्या केसांत होता. बाळ लवकर झालं. मुलगा. माझ्या हाताच्या पंजापेक्षा थोडा मोठा. रडला नाही, मांजराच्या पिलासारखा एक बारीक आवाज केला. तेरेजाला रक्त जाऊ लागलं, थांबेना, म्हणून सिस्टर तिच्यापाशी राहिल्या. त्यांनी बाळ कापसात गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि मान न वळवता म्हणाल्या, "रोझा, हा राहणार नाही. पाणी घाल, लगेच."

मी त्याला पलीकडच्या खोलीत नेलं, जिथे औषधाच्या बाटल्या असतात. टेबलावर ठेवलं. खिडकीतून ऊन येत होतं, ते त्याच्या कानावर पडलं होतं. कान पारदर्शक होता.

आणि मी पाणी घातलं नाही.

लिहिलं गेलं. अजून पुरतं लिहिलेलं नाही, पण एवढं लिहिलं गेलं.

मी स्वतःला बरीच वर्षं अशी समजूत घातली की पाणी फार गार होतं. माठातलं, जानेवारीतलं. एवढ्याशा जिवावर ते ओतलं असतं तर तो धसक्यानेच गेला असता. म्हणून मी वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेले, पाणी कोमट करायला. कुणाला दया येणार नाही? परत आले तेव्हा तो हलत नव्हता. तेव्हासुद्धा मला म्हणता आलं असतं, तू जिवंत असशील तर. ते शब्द त्यासाठीच तर शिकवले होते. मी तोंड उघडलं, आणि दारात सिस्टर आल्या. त्यांच्या कोपरापर्यंत रक्त होतं. चालताना वाटीतलं पाणी सांडलं होतं, माझे हात ओले होते. त्यांनी हाताकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं. "झालं?" मी मान हलवली. "नाव काय दिलंस?" मी म्हटलं, जोसेफ.

बस. एक मान आणि एक नाव. याहून जास्त मी बोलले नाही.

आता कुणी म्हणेल की रोझाने त्या आईसाठी खोटं सांगितलं, तिचं दुःख हलकं करायला. मलाही तसं म्हणून बघावंसं वाटतं. पण मान हलवली तेव्हा तेरेजा माझ्या मनातसुद्धा नव्हती. मनात भोपळा होता. आता पुन्हा सगळे म्हणतील, रोझाला याही वेळी जमलं नाही — एवढंच होतं. मी माझ्यासाठी मान हलवली.

जोसेफला कबरस्तानाच्या आत पुरलं. पाणी न पडलेल्या लेकरांची जागा कुंपणाबाहेर, बाभळींखाली असते, तिथे क्रूसही लावत नाहीत. फादरांनी काळी वस्त्रं घातली नाहीत, पांढरी घातली, कारण बाप्तिस्मा झालेलं लेकरू सरळ स्वर्गात जातं, त्याच्यासाठी शोक करायचा नसतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खोलीत बोलावून मोठ्या वहीत लिहिलेलं दाखवलं. जोसेफ, अंतोन आणि तेरेजा यांचा मुलगा. बाप्तिस्मा देणारी, रोझा. माझं नाव कुठे लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. फादरांचं अक्षर फार देखणं होतं.

चार दिवसांनी तेरेजाला बसता येऊ लागलं. मी तिला पेज घेऊन गेले. तिने वाटी बाजूला ठेवली, माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "रोझा, खरं सांगजो मले. अंगणात तर नाई ना बसवला माह्या पोराले?"

मी म्हटलं, "नाई. आत गेला तो."

तिने डोळे मिटले. मग पेज प्याली, सगळी. ती वाचली ती त्या पेजेने की त्या शब्दाने, मला सांगता येत नाही. अंतोन संध्याकाळी आला आणि त्याने माझ्यापुढे पाच रुपये ठेवले. मी हात मागे घेतला. तो म्हणाला, "नाई म्हणू नका, रोझाबाई. पोराच्या नावचे हायेत." मी घेतले. का घेतले? नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

आमच्याकडे जिने पाणी घातलं तिलाच धरममाय धरतात. नाताळानंतर तीन दिवसांनी बाळ हुतात्म्यांचा सण येतो, हेरोद राजाने मारलेल्या लेकरांचा. त्या दिवशी तेरेजा आणि अंतोन दरवर्षी माझ्या खोलीवर यायचे. सव्वा रुपया, एक खण. पुढे त्यांना मुलगी झाली, धडधाकट, त्या वर्षी लुगडंही आणलं, किरमिजी काठाचं. तेरेजा म्हणायची, जोसेफनेच वरून बहीण धाडली. ती त्याच्यासाठी प्रार्थना करत नव्हती, त्याच्याकडे करत होती. मुलीला ताप आला, जोसेफ. गिरणीत संप झाला, जोसेफ. आणि मला म्हणायची, "भोपळ्यावर पाणी घालता आलं नाई तुले, पण माह्या पोराच्या टायमाले बराबर आलं पाहाय." थट्टेने म्हणायची, माझ्या पाठीवर चापट मारून. मी हसायची. ते लुगडं मी दोन ईस्टरला नेसले.

मला झोप येत नव्हती असं लिहिणार होते. पण झोप यायची. जेवणही जायचं. हेच मला समजत नाही — एवढं करून माणसाला भूक कशी लागते? फक्त कामात मन राहायचं नाही. उकळायला ठेवलेलं भांडं करपायचं. कबरस्तानाकडून वाट होती ती सोडून मी शेतातून फेरा घेऊन बाजाराला जायची. बाभळींखाली, कुंपणाबाहेर, जी बिननावाची लेकरं आहेत त्यांच्या आयांना मी ओळखते. त्या आयांनी खरं सांगितलं होतं. त्यातल्या एकीने माझ्यासमोर सिस्टरला सांगितलं की मला पाणी घालायचं सुचलंच नाही, आणि ढसाढसा रडली. तिचं लेकरू बाहेर आहे.

मागच्या वर्षी म्हातारे फादर गेले आणि तरुण फादर आले. एका रविवारी उपदेशात ते म्हणाले की चर्चने आपल्याला पाणी दिलं आहे ते आपल्याला बांधायला, देवाला बांधायला नाही. ज्या लेकरांना पाणी मिळालं नाही त्यांचं काय होतं ते आपल्याला ठाऊक नाही, पण ज्याने तो आत्मा स्वतः केला तो त्याला विसरेल असं धरून चालू नका, आशा धरा. बायांमध्ये कुजबुज झाली. माझ्या छातीतून काहीतरी सुटलं. म्हणजे जोसेफ कदाचित आत असेल? मी वाटी घेऊन कुठेही उभी असले तरी?

घरी येईपर्यंत ते सुटलेलं पुन्हा आवळलं. जोसेफला जर देवाने आपणच आत घेतलं असेल, तर मग माझ्या खोट्याने त्याला काही दिलं नाही आणि काही नेलंही नाही. मग त्या खोट्याला झाकायला जोसेफ उरत नाही. ते उघडं माझंच राहतं. इतकी वर्षं मी जोसेफ कुठे आहे म्हणून घाबरते आहे असं मला वाटत होतं. खरंच तसं होतं का?

आता जे राहिलं ते लिहिते. स्वयंपाकघराचं.

चूल पेटलेली नव्हती. पाणी कोमट करायचं माझ्या मनात नव्हतं, ते मी नंतर रचलं, आणि इतक्यांदा मनात सांगितलं की चुलीची धगसुद्धा मला आठवायला लागली होती. बाटल्यांच्या खोलीबाहेर अंतोन उभा होता, कंपाउंडर उभा होता, गाडीवाला होता. दार उघडं होतं. शब्द मोठ्याने म्हणायचे होते. मी वाटीत पाणी घेतलं आणि मला वाटलं, आधी एकदा म्हणून बघावं. म्हणून बाळाला टेबलावर एकटं ठेवून मी आतल्या दाराने स्वयंपाकघरात गेले, भिंतीकडे तोंड केलं आणि पुटपुटत म्हणून पाहिलं. चुकलं. पुन्हा म्हटलं. पवित्र आत्म्याच्या म्हणेपर्यंत बरोबर आलं. खात्रीसाठी आणखी एकदा म्हटलं. भिंतीला तो बाप्तिस्मा पूर्ण ऐकू गेला.

किती वेळ लागला? चारपाच वेळा म्हणायला लागतो तितका. तेवढ्यात तो गेला. त्याच्याजवळ कुणी नव्हतं. पाण्याचं फादर म्हणतात तसं असेल, देवाच्या हाती असेल. पण त्या टेबलाजवळ त्याच्यापाशी उभं राहायला शिक्षण लागत नव्हतं, शब्दही लागत नव्हते. हात ठेवायचा होता. ते मी केलं नाही.

या वर्षी अंतोनला दूर रेल्वेच्या कारखान्यात काम मिळालं. उन्हाळ्यात निघायचं ठरलं. पुस्तकात लिहिलेलं आहे की चोरलेलं परत केल्याशिवाय पापाची क्षमा नाही. मी क्षमा मागायला गेलेच नव्हते, तरी तेवढी ओळ मला सोडीना. मी हिशेब केला. अंतोनचे पाच. पाच सणांचे सव्वासहा. लुगड्याचे, बाजारात विचारून, आठ. खण शिवले नव्हते, ते तसेच घडी करून ठेवले होते. पगारातून महिन्याला चार-चार रुपये बाजूला काढले.

निघायच्या सकाळी ट्रंका दारात होत्या. मुलगी वळकटीवर बसून पाय हलवत होती. तेरेजाने मला बाजूला नेलं. "कबरीवर गवत वाढू देऊ नको. त्याच्याशी बोलत जाजो. तुह्या हातानं वर गेला तो, तुह्यं ऐकते."

तेव्हा सांगता आलं असतं. आम्ही दोघीच होतो, कुणी ऐकत नव्हतं, मोठ्याने बोलायचीही गरज नव्हती. मी फक्त रुमालाची गाठ तिच्या हातात दिली. आत पैसे आणि खण.

"हे काऊन?"

"तुह्येच हायेत. मोजून घे."

तिने रुमाल सोडून तिथेच मोजले. जुनी नाणी, नवे पैसे नुकतेच आले होते तेही होते. "सव्वाएकोणीस? हा कोणता हिशेब व माय? आणि हे खण तर मीच दिले होते."

"जेवढे होते तेवढे दिले तुले."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला काही समजलं का, मला ठाऊक नाही. मी खाली पाहत होते. अंतोनने गाडीतून हाक मारली. तिने पैसे पदराच्या टोकाला बांधले, गाठ दातांनी आवळली, मुलीला काखेत घेतलं आणि गेली.

सव्वाएकोणीस रुपये. त्यातलं आता काही देणं नाही.